अण्णांनी नापास केलेल्या खोल्या

आमचे दत्तूअण्णा आधी वास घ्यायचे, मग नमस्कार करायचे. निपाणीच्या एका वखारीत तंबाखूची पारख करण्यात त्यांचा जन्म गेला. चिमूटभर चुरा हुंगला की माल कुठल्या शिवारातला आणि पावसात भिजलाय का, हे ते सांगायचे. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण ते वाण्याचा गूळ हुंगायचे, पोस्टातून आलेलं पत्र हुंगायचे, आणि एकदा भावकीतल्या एका मुलीला बघायला आलेल्या नवऱ्या मुलाचा पटकासुद्धा हुंगला. "नाक फसत न्हाय रं," म्हणायचे. ते लग्न मात्र फसलं.

हे माझे थोरले चुलते. मी दोन वर्षांचा असताना आईवडील प्लेगात गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी मॅट्रिक झालो, बेळगावच्या कॉलेजात नाव घातलं, आणि राहायची जागा बघायला अण्णा माझ्याबरोबर मोटारीत बसले.

पहिलं बोर्डिंग कॉलेजच्या पाठीमागं होतं. सुपरिंटेंडेंट भला माणूस. "बसा," म्हणाले. "बसतो की," म्हणत अण्णा उभेच राहिले आणि सरळ खोलीत शिरून गादी हुंगू लागले.

"हिच्यावर कोण झोपत हुतं?"

"होता एक विद्यार्थी. पास होऊन गेला."

"लई रडत हुतं ते पोरगं," अण्णा म्हणाले आणि चालू लागले.

दुसरी जागा कॅम्पात, एका पेन्शनर सुभेदारांच्या घरामागची खोली. हवेशीर, लख्ख. अण्णांनी भिंत हुंगली, खिडकी हुंगली, शेवटी सुभेदारांच्या खांद्याजवळ नाक नेलं. ते दोन पावलं मागं सरले.

"फिनेल!" बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले. "घर हाय का दवाखाना?"

तिसरी शहापुरात, एका विणकराच्या माडीवर. खाली मागाची खटखट. घरच्या बाईंनी पोहे दिले, ते अण्णांनी उभ्या उभ्या संपवले आणि मग म्हणाले, "सुताच्या खळीचा वास हाय. अभ्यास डोक्यात शिरायचा न्हाय."

"आवो, आमची चार पोरं ह्याच वासात वाढली. थोरला मास्तर हाय," बाई म्हणाल्या.

अण्णा तोवर निम्मा जिना उतरले होते.

दोन दिवस असंच चाललं. अण्णा पुढं, ट्रंक घेऊन मी मागं. तिसऱ्या दिवशी कळलं, पहिल्या बोर्डिंगात एकच खाट उरलीय आणि तीही संध्याकाळपर्यंत जाणार.

"अजून वडगावातल्या जागा बघायच्या ऱ्हायल्यात," अण्णा म्हणाले.

मी ट्रंक रस्त्याच्या कडेला आपटली. "अण्णा, खरं सांगा. तुमाला मला हितं ठेवायचंच न्हाय!"

ते खवळतील असं वाटलं होतं. पण दोन दिवस कुठं न टेकलेला तो माणूस ट्रंकेवर बसला.

"व्हय," म्हणाले. "न्हाय ठेवायचं."

मी त्यांच्याजवळ सरकलो.

"सोळा वर्सं घरात तुझा आवाज हाय. आता तिथं जाऊन मी हाक कुणाला मारू?"

एक टांगा गेला, पाठोपाठ दुसरा गेला. मग अण्णाच उठले, ट्रंक खांद्यावर घेतली आणि बोर्डिंगच्या वाटेला लागले.

सुपरिंटेंडेंटनी रजिस्टर उघडलं. माझं नाव लिहून झालं, गाव लिहून झालं. "पालकाचं विद्यार्थ्याशी नातं?"

मी 'चुलते' म्हणणार, एवढ्यात अण्णा म्हणाले, "बाप."

टाक कागदावर करकरला. अण्णा एकदम घाबरल्यासारखे माझ्याकडं वळले.

"चालंल न्हवं रं?"

मी मान हलवली.