देवरे सरांचं मशीन

आमचे देवरे सर कोणालाही नुसतं 'बसा' म्हणत नाहीत. शाळेत पाहुणा आला की, "खुर्ची जरा मागे घ्या, तिचा डावा पाय हलतो, आधी हाताने दाबून बघा, मग सावकाश टेका," असं सांगतात. तोवर पाहुणा उभ्यानेच काम उरकून निघालेला असतो.

धुळ्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत ते आणि मी, दोनच शिक्षक. सर भारी काळजीखोर. कुलूप लावून फाटकापर्यंत जातात, परत येऊन ओढून बघतात, मग मलाही ओढायला लावतात. "भाऊ, काही राहिलं तर नाही ना?" हे मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. त्यामुळे मुलांना प्रोग्रामिंगची ओळख करून द्या असं पत्र आलं, तेव्हा मला वाटलं, आता यांची झोप उडाली. पण माणूस उलट खुलला. म्हणाले, सविस्तर सांगितल्याशिवाय ज्याचं पाऊल पुढे पडत नाही, असा आपल्याखेरीज जगात आणखी कोणीतरी आहे म्हणजे, हा कॉम्प्युटर.

शाळेत कॉम्प्युटर एकच, आणि वीज गेली की तोही नाही. सरांनी पटांगणात फक्कीने चौकोन आखले. एक मूल मशीन व्हायचं, दुसरं कागदावर पायऱ्या लिहायचं. दोन चौकोन पुढे जा, उजवीकडे वळ, समोर नळ आला तर थांब, नाहीतर आणखी एक चौकोन पुढे. लिहिणारा 'थांब' विसरला की मशीन थेट नळावर. अशा यादीला अल्गोरिदम म्हणतात हे मुलांना फार उशिरा कळलं. चौथीतली काजल सगळ्यात पक्कं मशीन. सांगितलं नसेल तर ती डोळ्यांवर आलेली बटसुद्धा मागे सारायची नाही.

हा खेळ करून दाखवायला जळगावहून स्पर्धेचं बोलावणं आलं आणि सरांचं जेवण तुटलं. मोठ्या माणसांपुढे बोलायचं म्हटलं की ते माझ्यामागे सरकतात. बसने पारोळा गाठेपर्यंत त्यांनी फक्कीची पुडी चार वेळा उघडून पाहिली. शेवटी मी सांगितलं, बोलायचं काम माझं, तुम्ही फक्त उभे राहा.

सभागृह भरलेलं होतं. खेळ छान रंगला. तेवढ्यात परीक्षकांतले एक गृहस्थ उठले आणि आता सूचना मी देतो म्हणाले. पुढे, डावीकडे, पुढे, आणखी पुढे असं करत त्यांनी काजलला पार भिंतीपाशी नेलं आणि मध्येच शेजाऱ्याशी बोलत बसले. काजल भिंतीला नाक लावून उभी. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, झालं बाळा, ये आता. पण हसणं ऐकून तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिचे खांदे हलायला लागले. मी हाक मारली तरी ती वळेना.

सर माझ्या शेजारी घामाने भिजले होते. एकदम ते निघाले, सगळ्यांच्या समोरून चालत गेले आणि तिच्या बाजूला, तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सभागृह गप्प झालं, म्हणून त्यांची अहिराणी मला ऐकू आली.

"चूक तुनी नही शे, बेटा. चूक सांगनारानी शे. तुनं बठ्ठं बराबर व्हतं."

मग तिचा हात धरून ते वळले आणि परीक्षकांना म्हणाले, "साहेब, तिचं सगळं बरोबर होतं, सूचना अपुरी होती."

आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला. बक्षीस अर्थातच दुसऱ्या शाळेला गेलं.

परतीच्या बसमध्ये मुलं पेंगत होती. आज तुम्ही कमाल केली, असं मी म्हटलं.  तेव्हा सरांनी सांगितलं की तिसरीत असताना गुरुजींनी त्यांना असंच व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं आणि विसरून गेले. शाळा सुटली, पोरं पांगली. आई गेलेली, वडील कामासाठी परमुलखात, हे काकांकडे. त्या भरल्या घरात एक पोरगं आलं नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

"मग शेवटी घरी जा म्हणून सांगितलं कोणी?" मी विचारलं.

"कोणीच नाही, भाऊ. अंधार पडायला लागला तसा मीच निघालो." सरांनी चष्मा पुसला. "अजून वाटतं, विचारून निघायला हवं होतं."