डोळे मिटलेलं मुखपृष्ठ

व्यायाम विशेषांकाच्या मुखपृष्ठासाठी साठ फोटो टेबलावर मांडले होते आणि तीन माणसं ते नापसंत करायला बसली होती. त्या मासिकाची रीतच तशी. जो पटणार नाही तो पालथा घालायचा आणि शेवटी उरेल तो मुकाट्याने छापायचा. फोटोग्राफर कोपऱ्यात देव पाण्यात घालून बसला होता. मुखपृष्ठ मिळालं नाही तर एक तारखेपासून सासऱ्यांच्या फर्निचरच्या दुकानात बसायचं, असं सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

संपादकांनी कॅमेरा सोडून भलतीकडे बघणारी माणसं पालथी घातली. वाचकाशी नजर भिडली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. उपसंपादकबाईंनी कॅमेऱ्याकडे बघणारी सगळी पालथी घातली, कारण फोटो निघतोय हे कळलं की माणूस पोट आत ओढतो. दोघांचंही बरोबर होतं. टेबलावर एकच फोटो उताणा उरला. मांडणीकाराने त्यावर मासिकाचं नाव ठेवून बघितलं आणि वर जागा भरपूर आहे म्हणून तो खूश झाला.

फोटोत एक गृहस्थ आरामखुर्चीत डोळे मिटून, तोंड उघडं टाकून पसरले होते. फोटोग्राफर कोपऱ्यातून धावत टेबलाशी आला.

"साहेब, हा चुकून आलाय. हे माझे सासरे. दुपारचे झोपलेत. लेन्स तपासायला काढला होता."

"झोपलेत कसले? श्वासाचा व्यायाम चाललाय," संपादक म्हणाले.

"घोरत होते हो."

"म्हणजे श्वास चालू होताच की," बाई म्हणाल्या.

त्याने हातापाया पडून बघितलं. पण बाकीचे एकोणसाठ उलटून पुन्हा भांडायची कोणाचीच तयारी नव्हती.

अंक निघाला त्या दिवशी तो जीव मुठीत धरून सासुरवाडीला गेला. सासरे मुखपृष्ठ नाकाशी धरून बसले होते. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं त्यांना व्यायामाची पद्धत विचारून गेली होती, आणि त्यांनी ती तिघांनाही सविस्तर शिकवली होती. जावयाच्या जिवात जीव आला. दुकानाची पीडा टळली, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात संपादकांचा फोन आला. पुढच्या अंकालाही तेच गृहस्थ हवे होते. जावयाने हसत फोन त्यांच्या हातात दिला.

"येईन की," सासरे म्हणाले. "फोटोग्राफर मात्र दुसरा बघा. आमचे जावई एक तारखेपासून दुकानात बसतायत. मला दुपारी व्यायाम असतो ना."