वांढरेकाका छत ठोकून बघतात

वांढरेकाका कुठल्याही छताखाली शिरण्याआधी ते ठोकून बघतात. शारजाच्या अल नहदा भागातल्या आमच्या टॉवरचं बेसमेंट असो की कोपऱ्यावरची ग्रोसरी, काठी उंचावून दोनदा ठोकायचं, कान द्यायचा आणि मग म्हणायचं, "पक्कं आहे. चला."

माझी मुलगी वैतागते. "अंकल, इट्स कॉन्क्रीट!"

"काँक्रीटबी बोलते, बाप्पा. ऐकणारा पाहिजे."

काका तीस वर्षं चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत होते. निवृत्तीनंतर कमलकाकूंसह शारजात मुलाकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आले. लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मुलाने आईला विचारलं, "कुठे जायचं फिरायला?"

"मला खाण बघायची," काकू म्हणाल्या. त्या काळी बायकांना खाली उतरू देत नसत.

मुलाने उत्तर ध्रुवाजवळचं एक गाव शोधून काढलं. तिथे बंद पडलेली कोळसा खाण गाइड फिरवून दाखवतो. मुलाला रजा मिळेना, म्हणून सोबतीला मी निघालो. काका विमानभर एकच बोलत होते, "खाण काय पाहाची असते? काहून चाललो आपण?"

खाणीच्या तोंडाशी हेल्मेट आणि दिवे मिळाले, काठी मात्र बाहेर ठेवावी लागली. तिथून काकांचा चेहराच बदलला. ते बोटांच्या पेरांनी छत ठोकत काकूंच्या पुढे चालले. बोगदा ठेंगणा होत गेला. एका ठिकाणी गाइड पोरगी थांबली आणि खाणीतला खरा अंधार कसा असतो ते कळावं म्हणून तिने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितलं.

डोळ्यासमोर धरलेला हात दिसेना. तेवढ्यात कुठेतरी छताचा लाकडी टेकू करकरला.

"कमल, खाली बस! बस म्हणतो ना!"

धडपड झाली, कुणीतरी किंचाळलं. हातमोज्यांमुळे मला दिव्याचं बटण सापडेना. सापडलं तेव्हा पाहिलं, काकू गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्या वर काका दोन्ही तळहात छताला लावून, पाय रोवून उभे.

गाइड घाबरून म्हणाली, लाकूड थंडीने वाजतं, धोका काही नाही. मी काकांना तसं सांगितलं.

"आधी सगळे निघा," ते म्हणाले. हात काढले नाहीत.

आम्ही एकेक करून त्यांच्या काखेखालून वाकून बाहेर पडलो. काकू शेवटी. मग काका.

परतीच्या बसमध्ये काकूंनी विचारलं, "रोज असंच असायचं?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रोज कुठं. कधीमधी."

"मला तर सांगायचात, खाली मस्त गारवा असतो, गप्पा मारता मारता शिफ्ट संपते." काकूंचा आवाज फाटला. "तुम्ही रातपाळीला गेलात की मी दार लावून निवांत झोपायची हो!"

"मग?" काका हळूच म्हणाले. "झोपावं म्हणूनच सांगत होतो ना."