पॅसेंजर आली, काढा!

बायको, पौर्णिमा, गेल्याचा फोन आला तेव्हा नागसेन मैद्यात मीठ ओतत होता. येडशीच्या पाव कारखान्यातला तो मोठा मिक्सर चालू असला की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्यामुळं धाराशिवच्या दवाखान्यातून बोलणाऱ्याला तीच गोष्ट तीनदा सांगावी लागली. तिसऱ्यांदा ती नागसेनला कळली.

"बरं," तो म्हणाला. "घाणा उतरवतो अन् निघतो."

मळलेलं पीठ थांबत नाही, म्हणून तो तसं बोलून गेला. ते त्याला अजून खुपतं.

तापानं ती तीन दिवस दवाखान्यात होती. त्या सकाळी तिनंच त्याला कामावर पिटाळलं होतं. "जावा तुमी. म्या काय पळून चाललेय व्हय?"

मैद्यानं पांढराफटक झालेला नागसेन तसाच वॉर्डात शिरला. दारातल्या खाटेवरच्या म्हातारीनं त्याचा हात धरला. "डाक्टर, माझी बाटली संपली बघा!" त्यानं वर बघितलं. खरंच संपली होती. आधी तो नर्सला बोलावून आला, मग पौर्णिमाच्या खाटेकडं गेला.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि नागसेन कामावर आला.

पौर्णिमाचं काम वाफेच्या खोलीत होतं. साच्यात भरलेलं पीठ ट्रॉल्यांवरून त्या खोलीत लावायचं. ऊब लागली की ते फुगतं. नेमकं फुगलं की बाहेर काढून भट्टीत घालायचं. लवकर काढलं तर पाव विटेसारखा, उशिरा काढलं तर पीठ बसतं. या खोलीत घड्याळ नव्हतं. पौर्णिमा होती.

मॅनेजर शिवराज वयानं लहान, पण रीतीचा माणूस. तो हळूच म्हणाला, "काका, सोमवारी तिथं टायमर लावतो. घंटा वाजली की दार उघडायचं. त्या जागेवर माणूस लागणार नाही."

"टायमर कशाला?" नागसेन म्हणाला. "मिक्सरवर दुसरा कुणी लावा. तिचं काम म्या करतो! अकरा वर्षं बघायलोय. त्यात हाय काय? गाडी आली की काढायचं!"

कारखान्यामागूनच रेल्वे जाते. सकाळच्या घाण्याला पौर्णिमा खोलीच्या दारातून ओरडायची, "पॅसेंजर आली, काढा!" दुसऱ्या घाण्याला "मालगाडी आली, काढा!" आणि दुपारी एक्स्प्रेस. तिची हाक आली की नागसेन मिक्सरमधून पुढचा घाणा उतरवायचा. मिक्सरच्या आवाजात त्याला शिट्टी कधीच ऐकू आली नव्हती. पण रेल्वेवर त्याचा विश्वास होता.

"एक दिवस द्या," तो म्हणाला. "एक पाव बिघडला तर खुशाल टायमर लावा!"

बोलताना त्याचं लक्ष खोलीतल्या खिळ्याकडं होतं. तिचा ॲप्रन तिथं टांगलेला होता, आणि टायमर त्याच भिंतीवर बसणार होता.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सहा ट्रॉल्या आत गेल्या. सातशे वीस पाव! दाराच्या उंबऱ्यावर लोखंडी पट्टी आहे, तिचं एक टोक उचकटलेलं. प्रत्येक ट्रॉली तिथं आदळली. "अहो, ती पट्टी ठोका की," असं पौर्णिमा तीन वर्षं म्हणायची. "बघू," असं नागसेन तीन वर्षं म्हणायचा.

नऊ वाजले. भट्टीवरचा भीमाशंकर घाम पुसत आला.

"मामा, भट्टी तापलीय. काढायचं का?"

"गाडी आली का?"

"न्हाय."

"मग?"

भीमाशंकर परत गेला. साडेनऊला पॅकिंगमधली हरणाबाई आली. ती आणि पौर्णिमा जोडीनं डबा खायच्या. तिनं नाक मुरडलं. "भाऊ, आंबूस वास यायलाय."

"येऊ दे. शिट्टी न्हाय झाली अजून."

"शिट्टी? कसली शिट्टी?"

नागसेन दाराकडं पाठ करून, रुळांकडं तोंड करून उभा राहिला. शिवराजनं त्याला लांबून तसं बघितलं आणि जवळ आला.

"काका, कुणाची वाट बघताय?"

"गाडीची."

शिवराजचा चेहरा पडला. पौर्णिमाच्या माहेरचं कुणीतरी अंत्यविधीला पोचलं नसेल, ते आज येत असेल, असं त्याला वाटलं. "येऊ द्या," तो म्हणाला. "आपण थांबू." त्यानं सगळ्यांना बजावलं, काकांना कुणी काही विचारायचं नाही! शिवाय माल न्यायला उभा असलेला टेम्पो त्यानं स्टेशनवर पाठवला. "काकांचे पाहुणे आहेत, व्यंकट. पायी येऊ देऊ नको."

त्यामुळं दारातून पिठाचा पहिला फुगा बाहेर आला, तेव्हा सगळ्यांना तो दिसला आणि कुणीही काही बोललं नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी शिट्टी झाली! नागसेनचे डोळे भरून आले. त्यानं छाती भरून घेतली आणि तिच्यासारखीच हाक दिली, "पॅसेंजर आली, काढा!"

दार ओढलं. आत वेगळाले पाव राहिलेच नव्हते. प्रत्येक फळीवर एकच वाकळ पसरली होती, आणि तिची टोकं खालच्या फळीवर लोंबत होती. नागसेननं पहिली ट्रॉली ओढली. चाक पट्टीवर आदळलं. पिठानं एक मोठा सुस्कारा सोडला आणि एकशे वीस पाव एकदम खाली बसले.

दुसरी ट्रॉली. धाड. सुस्कारा.

"मामा," भीमाशंकर हळूच म्हणाला, "बसलं की ओ सगळं."

तेवढ्यात टेम्पो आला. व्यंकटनं मागचं दार उघडून तिघा म्हाताऱ्यांना उतरवून घेतलं. "पाहुणे आणले, साहेब!" ते रामलिंगाच्या दर्शनाला निघाले होते. पाव कारखान्याचा टेम्पो फुकट नेतोय म्हटल्यावर बसले होते.

"देऊळ कुठाय?" त्यातल्या एकीनं विचारलं.

शिवराजनं त्यांच्याकडं बघितलं, पिठाकडं बघितलं. "काका, हे काय?"

"गाडी लेट झाली," नागसेन म्हणाला.

हरणाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो भाऊ, ती पॅसेंजर कवा येळंवर आलीया? अन् मालगाडीला काय टाइम असतो व्हय? पौर्णिमा बोटानं दाबून बघायची. खड्डा सावकाश भरून आला की काढायची!"

"मग गाडी आली म्हणून का वरडायची?"

"तुमच्यासाठी! 'घाणा उतरवा' म्हणलं की तुमी भांडायचा. बायकोनं सांगितलेलं तुमाला चालत नव्हतं. गाडी म्हणलं की मुकाट उतरवायचा. आख्ख्या पॅकिंगला ठाव होतं. लई हसायची ती."

 पुढच्या घाण्याला नागसेन हात धुऊन आला. हरणाबाईनं त्याचं बोट धरून पिठात दाबलं. खड्डा तसाच राहिला. "अजून न्हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं. यावेळी खड्डा सावकाश वर आला. काढायची वेळ झाली होती. हाक हरणाबाईनंच दिली.

शब्द दिला होता, त्यामुळं सोमवारी टायमर आला. फक्त शिवराजनं तो पलीकडच्या भिंतीवर लावायला सांगितला. खिळा आणि ॲप्रन जागेवर राहिले. नागसेन पुन्हा मिक्सरवर उभा राहतो. घंटा त्याला मिक्सरच्या आवाजात ऐकू येत नाही. भीमाशंकर हात हलवतो, मग तो घाणा उतरवतो.

टायमर लागला त्याच दिवशी नागसेन घरून हातोडी आणि चार खिळे घेऊन आला होता. ते ॲप्रनच्या खाली, कोपऱ्यात ठेवलेले आहेत. पट्टी अजून ठोकायची राहिली आहे.