सतरा अर्ज, सतरा मंजुऱ्या

नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या कचेरीत सुट्टीच्या अर्जांचा नवा प्रोग्रॅम अठरा कॉम्प्युटरवर टाकायचं काम अकोल्याच्या शेखरकडे आलं. सूचना स्पष्ट होती: डेटाबेस, म्हणजे सगळे अर्ज साठवायचं कोठार, फक्त मॅनेजर जानरावांच्या मशीनवर, बाकी सतरांवर नुसता प्रोग्रॅम. पण शेखरचा हात सढळ. अर्धवट टाकलं की परत चक्कर पडते, हा त्याचा अनुभव. त्याने सगळीकडे ‘संपूर्ण’ हेच बटण दाबलं आणि पाचची गाडी धरली.

एका दिवशी दोघांनाच सुट्टी, आधी येईल त्याला, आणि मंजुरी प्रोग्रॅमच देणार, असा नियम होता. पुढच्याच गुरुवारी कचेरीतल्या ओमप्रकाशच्या मुलीचं परतवाड्याला लग्न निघालं. त्याच्यासकट सतराही जणांनी आपापल्या मशीनवर अर्ज टाकला. प्रत्येक मशीनला स्वतःच्या कोठारात तेवढा एकच अर्ज दिसला आणि तो मंजूर झाला. स्टोअरच्या वर्षालीला वाटलं, आपला नंबर लागला. उगाच कोणाचं मन दुखवायला नको. ती गप्प राहिली. बाकीचेही तितकेच समजूतदार निघाले.

गुरुवारी सकाळी दहाला शेखरचा फोन वाजला.

“शेखर, हे मशीन काय म्हणून राहिलं?” जानरावांचा आवाज होता. “आज कोणीच सुट्टीवर नाही म्हणते.”

“मंग चांगलंच हाय ना साहेब.”

“अरे, पण हॉलमंदी मी एकटाच हाओ. आन अकराले नागपूरच्या खरेदीवाल्या बाई येऊन राहिल्या.”

शेखरने मिळेल ती गाडी धरली. काय झालं असेल ते त्याला प्रवासात, मूर्तिजापूरच्या आसपास उमगलं. दीडला तो कचेरीत शिरला तेव्हा जानराव कापडाच्या नमुन्यांच्या ढिगात बसले होते.

“बाई गेल्या?” त्याने चाचरत विचारलं.

“गेल्या. ऑर्डर देऊन गेल्या. म्हणे, पह्यल्यांदा एकाच माणसानं नीट सांगतलं, नाहीतर दहा जण मधात बोलते.”

शेखरने मोकळा श्वास घेतला आणि कामाला लागला. एकेका मशीनवरचे अर्ज त्याने जानरावांच्या कोठारात आणले, मग त्या-त्या मशीनवरचं जादा कोठार काढून टाकलं. चार वाजेपर्यंत सोळा मशीन झाली. सतराव्याला हात घालणार तेवढ्यात जानरावांनी आपल्या स्क्रीनकडे पाहत घसा साफ केला.

“येत्या शनिवारी माह्या साडभावाच्या घरचं वास्तुपूजन हाय. आत्ता अर्ज टाकून पाह्यला, तं नामंजूर. दोघं आधीच लागले म्हणते.”

“नियमच हाय साहेब तसा.”

“हो, नियम मीच लावला.” जानरावांनी उरलेल्या मशीनकडे बोट दाखवलं. “ते सतरावं मशीन आज तसंच राहू दे. मले त्याच्यावर एक काम हाय.”

शेखरने त्या मशीनपुढची खुर्ची त्यांच्यासाठी सरकवून दिली.