योग्य पद्धतीने वाकणे

"खोकं उचलताना कधीही कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं," असं सांगत रुचिका केणे खोक्यापाशी गुडघ्यात वाकली. तेवढ्यात मागून फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या खलीलने विचारलं, "मॅडम, और खोकं फ्रिजचं असलं तर?" रुचिकाने उत्तर द्यायला मान वळवली, मानेबरोबर कंबरही थोडी वळली, आणि आत कुठेतरी कट् असा आवाज झाला.

'वजन उचलताना कंबर वळवू नये' हा तिचा पुढचाच मुद्दा होता.

ती होती तिथेच राहिली. दोन्ही हात खोक्याला, गुडघे अर्धवट वाकलेले, मान उजवीकडे. खाली बसता येईना, वर उठता येईना. तसं बघितलं तर नवल काही नव्हतं. 'कामाच्या जागी कसं बसावं' याची तयारी तिने आठवडाभर घरी पलंगावर लोळून, लॅपटॉप उशीवर ठेवून केली होती. उरलेलं काम सकाळी कल्याणहून वळ गावातल्या या गोदामात येताना रिक्षाने आणि भिवंडीच्या खड्ड्यांनी केलं होतं.

कंपनीत अजून ती शिकाऊच होती. मुख्य ऑफिसचे कुणाल सर आज ती कामगारांना देत असलेलं प्रशिक्षण बघायला येणार होते आणि त्यावर तिची नोकरी पक्की व्हायची की नाही ते ठरणार होतं. अशा वेळी 'कंबर कशी सांभाळावी हे शिकवणारीचीच कंबर धरली' असं सांगायचं? दुपारच्या चहापर्यंत ही बातमी वळमधल्या सगळ्या गोदामांतून फिरली असती. रुचिकाने दात आवळले आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "तर... ही ती योग्य स्थिती. नीट बघून घ्या."

सगळ्यांनी नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

हमालांचे मुकादम दाजी भोईर पुढे आले. त्यांनी रुचिकाच्या चेहऱ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि मागे वळून आवाज दिला, "नुसतं बगताव काय? मॅडम वाकल्यान ना? वाका सगली!"

हमाल वाकले. पॅकिंगच्या बायका वाकल्या. खलील फोर्कलिफ्टवरून खाली उतरून वाकला.

"मॅडम, मान पण वळवायची काय?" त्याने विचारलं.

"वळवा," रुचिका म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सगळ्यांनी माना उजवीकडे वळवल्या. पंखा फिरत होता. बाहेर एक ट्रक मागे येताना कुईंकुईं करत होता. रुचिकाने हळूच सरळ व्हायचा प्रयत्न केला. कळ थेट टाळूपर्यंत गेली आणि डोळ्यांतून टपकन पाणी आलं.

पॅकिंगमधल्या कमळाबाई शेजारीच वाकल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, डोल्यात पानी पन आनायचं काय?"

"नाही. ते... ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे."

"आनि सरल कवा व्हायचं?"

"मी सांगेन तेव्हा."

आणि नेमके तेव्हाच कुणाल सर दारातून आत आले.

दार उजवीकडेच होतं. त्यामुळे सरांना दिसलं ते असं की, गोदामातला एकूण एक माणूस गुडघ्यात वाकून, श्वास रोखून, त्यांच्याकडेच बघतो आहे. कुणाल सरांनी गोदामं खूप बघितली होती, पण अशी शिस्त बघितली नव्हती. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"उठू नका, कोणी उठू नका!" ते म्हणाले. रुचिकाला हे सांगायची गरज नव्हती. "मीपण करतो. साहेबाने आधी करावं, मग लोकांना सांगावं."

त्यांनी कोट काढला आणि दाजींच्या शेजारचं खोकं धरलं. बाकीचे नुसते वाकले होते. सरांनी मात्र उत्साहाच्या भरात ते उचललं, तेही मान वळवून, रुचिकाकडे कौतुकाने बघत.

"आई गंऽऽ!"

ती किंकाळी एवढी जबरदस्त होती की रुचिका दचकून उडाली आणि खाली आली ती सरळ उभी. कंबर सुटली होती! मॅडम सरळ झाल्या म्हणून सगळे कण्हत, कुथत सरळ झाले. वाकलेले राहिले ते एकटे कुणाल सर.

दाजींनी त्यांच्या कंबरेवर बोट दाबलं. सर पुन्हा किंचाळले.

"उसण भरली," दाजींनी निकाल दिला.

"डॉक्टर..." सर म्हणाले.

"गारीत बसाल कसं तुमी असं? पायालू मानूस पायजे. जन्माला येताना डोस्क्याच्या आदी ज्याचं पाय आलं, त्यानं कमरंत लात घातली का मोकली झालीच समजा. कोन हाय काय पायालू?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"माझी दादी होती," खलील म्हणाला.

"मग बोलव."

"दादी गुजर गई, दाजी."

"मी आहे," रुचिकाच्या तोंडून निघून गेलं.

लहानपणी चाळीतली निम्मी माणसं रोज सकाळी तिच्यापुढे पाठ करून उभी राहायची. कॉलेजात गेल्यापासून तिने ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती.

"मिस केणे," सर जमिनीकडे बघत म्हणाले, "तुम्ही सायन्सच्या ना?"

"हो सर. पण पायांनी आले. सर, याला काही शास्त्रीय आधार नाही."

"मला आधार नकोय. मला सरळ व्हायचंय."

रुचिकाने सँडल काढली, मनातल्या मनात देवाची आणि सरांची माफी मागितली आणि पाऊल हळूच त्यांच्या कंबरेला टेकवलं.

"पूजा करताव काय?" दाजी म्हणाले. "जरा जोरात!"

सहा महिन्यांत सरांनी रविवारी केलेले सगळे फोन रुचिकाला त्या क्षणी आठवले. पाय आपोआप गेला. सर समोरच्या चादरींच्या गठ्ठ्यावर पालथे पडले. मग सर उठले, कंबर डावीकडे वळवून बघितली, उजवीकडे वळवून बघितली, आणि खिशातून फोन काढत, कोट घेऊन बाहेर गेले.

रुचिका मटकन खोक्यावर बसली. "गेली माझी नोकरी," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही फसवलं मी. ती योग्य स्थिती वगैरे काही नव्हती. माझीच कंबर धरली होती."

"ठावं हाय," कमळाबाई म्हणाल्या.

"काय?"

"दाजींनी तवाच वलकलं. पन सायेब यायचं व्हतं ना! तुला एकटीला कशी वाकू देऊ गो बाय?"

खलील आपली मान चोळत म्हणाला, "लेकिन मॅडम, वो गर्दन वाला थोडा ज्यादा हो गया."

रुचिकाला हसू आलं आणि रडूही आलं. तेवढ्यात दारात कुणाल सर दिसले. फोन खिशात टाकत ते आत आले. रुचिका ताडकन उभी राहिली.

"मिस केणे, सोमवारी मुख्य ऑफिसला या. पक्क्या नेमणुकीचं पत्र घेऊन जा."

"थँक यू, सर!"

सर निघाले, थबकले, परत वळले, या वेळी अख्खं शरीर एकदम वळवून. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"येताना थोडा वेळ काढून या. मी आईला ऑफिसला बोलावून घेतो. तिचीही कंबर फार दिवसांपासून धरलीय. फक्त," ते म्हणाले, "तिला जरा हळू."