पणजोबांचा घोडा

परदेशात जुन्या शस्त्रांचं शिक्षण घेऊन परतताना तिला वाटलं होतं, घरी पणजोबांची घोडदळातली कार्बाइन बंदूक आपली वाट पाहत असेल: आखूड, देखणी, अस्सल. प्रत्यक्षात ती दिवाणखान्यात खुंटीवर होती खरी, पण तिच्या नळीला बाबांची ओली छत्री लटकत होती.

छत्रीचा विषय तिनं सोडून दिला. (आठवडाभर ‘वारसा’ या विषयावर बोलून घसा बसला होता.) उद्या संग्रहालयाची माणसं कार्बाइन न्यायला येणार होती. तिला नोकरी तिथंच लागली होती आणि मूळचे भाग कुठले, बदललेले कुठले, हे तिनंच लिहून द्यायचं होतं. बाबांनी मात्र पणजोबांच्या नावाची काचेची पेटी मनातल्या मनात पुसूनही ठेवली होती.

तिनं भिंग लावलं. नळी दुसऱ्याच बंदुकीची, कापून आखूड केलेली. दस्त्याला दोन जातींचं लाकूड. भागांवरच्या आकड्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

"बाबा, घोडा मूळचा नाही."

"नाही कसा? आजोबा त्यावर बसून लढले!"

"यावर बसत नाहीत. हा अंगठ्यानं मागे ओढतात."

"घोडा? अंगठ्यानं?" आत्या आतून धावत आली.

"हो. आणि ही माशीही नंतरची." तिनं नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या खुणेवर बोट ठेवलं. आत्यानं तत्परतेनं नॅपकिन झटकला, आणि तशीच शेजारी गेली.

जेवणापर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं, की पणजोबा लढाईला गाढवावरून गेले होते.

बाबांनी खिडकी लावून घेतली. ताटावर येईनात.

"अगं, जरा हळू तरी बोलायचंस," आई म्हणाली.

"आई, घोडा म्हणजे हा! गोळी सोडायला आपटतो तो. थांबा, काढूनच दाखवते."

तिनं स्क्रू पिळला. कट्! दोन तुकडे टेबलावर पडले. तिनं भिंगातून पाहिलं. स्क्रूच्या डोक्यावरचा आकडा पणजोबांच्या लष्करी दाखल्यातल्या बंदुकीच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता.

"म्हणजे एवढाच मूळचा आहे?" बाबांनी दारातून विचारलं.

"होता."

बाबांनी खणातून जुन्या पंख्याचा स्क्रू आणून दिला. तो मेला छान बसला.

सकाळी तिनं ठरवलं: खोटं लिहायचं नाही, आणि बाबांची मानही खाली जाऊ द्यायची नाही. तिनं कार्डावर लिहिलं: ‘नळी, दस्ता, घोडा, माशी बदललेली. स्वार मात्र जिवंत घोड्यावर बसत असे. एकमेव मूळचा स्क्रू तज्ज्ञ पणतीनं तपासताना तोडला.’

बाबांनी कार्ड दोनदा वाचलं. चेहरा खुलला. खिडकी उघडली.

"शेवटची ओळ ठळक कर," ते म्हणाले. "म्हणजे घोड्याचं कोणी विचारणार नाही."

तिनं जाड पेन घेतलं.